‘ब्लर्ट आउट’ला हिंदीत काय म्हणावे?

इंग्रजीतले ‘ब्लर्ट आउट’ हे क्रियापद हिंदी मातृभाषा असलेल्या विद्यार्थ्यांना शिकवताना ‘बक देना’ किंवा ‘उगल देना’ असा अर्थ सांगितला तर चालेल का, असे एका वाचकाने विचारले आहे. माझ्या मते दोन्ही टाळावेत. ‘बक देना’ म्हटले की बोललेले सारे वायफळ ठरते, आणि ‘उगल देना’ म्हटले की पोलिसी खाक्यापुढे आरोपीने सगळे ओकून टाकल्याचे चित्र उभे राहते. ‘ब्लर्ट’ला बोलण्याच्या बऱ्यावाईटाशी कर्तव्य नाही, विचार करण्याआधीच शब्द तोंडाबाहेर पडले, एवढेच ते सांगते. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली काढलेल्या निदानपुस्तिकेत ‘एडीएचडी’च्या (लक्ष न टिकणे आणि अतिचंचलता यांचा विकार) लक्षणांमध्ये प्रश्न पुरा होण्याआधीच उत्तर देऊन मोकळे होणे हे एक लक्षण दिले आहे आणि तिथे हेच क्रियापद योजले आहे. ते उत्तर अचूकही असू शकते. त्याला ‘बकना’ कसे म्हणणार?

हिंदीत ही छटा मूळ धातूपेक्षा सहायक क्रियापदात सापडते. ‘वह बीच में ही बोल पड़ा’ यात केवळ आकस्मिकता आहे. ‘वह सबके सामने कह बैठा’ यात मागाहून होणारी चुटपुटही आहे, आणि गुपित फुटल्याच्या प्रसंगी मी हाच प्रयोग सुचवेन. (मराठी माणसाने इथे ‘ने’ लावण्याचा मोह आवरावा, ‘उसने कह दिया’ बरोबर, पण ‘उसने कह बैठा’ चूक.) ‘मुँह से निकल गया’ हा प्रयोग सर्वांत सहज खरा, परंतु त्यात दोष जणू तोंडाचा होतो आणि बोलणारा नामानिराळा राहतो, तर इंग्रजी वाक्यात कर्ता सहसा तोच असतो.

मराठीत ‘भसकन बोलून गेला’ हे पुष्कळ जवळचे आहे, शिवाय ‘ब्लर्ट’ही बहुधा ध्वनीच्या अनुकरणातूनच आलेला शब्द आहे. ‘पचकला’ यात बोलणाऱ्याविषयीची नापसंती डोकावते. ‘उचलली जीभ लावली टाळ्याला’ ही म्हण मात्र इथे बसत नाही, कारण ती बेजबाबदार बोलण्यावरचा ताशेरा आहे आणि ‘ब्लर्ट’ एखाद्या मितभाषी माणसाकडूनही होऊ शकते.

शिकवताना आणखी एक सांगावे: हे क्रियापद सकर्मक आहे. ‘ही ब्लर्टेड आउट’ एवढ्यावर वाक्य सहसा थांबत नाही. काय बोलून गेला, ते नाव, उत्तर किंवा गुपित सोबत यावे लागते.