करळातली तिसरी आणि कच्छचं कालव: वय आणि तापमान एकाच चाचणीत मिळेल का?

तुमच्याकडे दोन कवचं आहेत: मुंबईच्या किनाऱ्यावरच्या करळ दगडातली (वाळू आणि शिंपले चुन्याने जुळून झालेल्या दगडातली) तिसरी आणि कच्छच्या मायोसीन (साधारण २.३ कोटी ते ५३ लाख वर्षांपूर्वीच्या) थरातलं कालव. दोन्हींचं वय आणि तेव्हाच्या समुद्राचं तापमान एकाच चाचणीत कळेल का, असं तुम्ही विचारलंय. नाही कळणार. आणि वयाच्या चाचणीवर पैसे घालण्याआधी कवच मूळचं राहिलंय का हे तपासाच, हा माझा आग्रह आहे.

तिसरीचं कवच ॲरागोनाइटचं असतं; ॲरागोनाइट आणि कॅल्साइट ही कॅल्शियम कार्बोनेटची दोन वेगळी स्फटिकरूपं. क्ष-किरण विवर्तनात (क्ष-किरणांनी स्फटिकरचना ओळखण्याच्या चाचणीत) कॅल्साइट दिसलं, तर कवच पुन्हा स्फटिकलंय आणि त्यात नंतरच्या पाण्यातला कार्बन शिरलाय असं धरा. कालव मुळातच कॅल्साइटचं, त्यामुळे तिथे ही चाचणी काहीच सांगत नाही. कालवासाठी कॅथोडोल्युमिनेसन्स (इलेक्ट्रॉनांच्या माऱ्याने खनिज चमकतं का ते पाहणं) लागतं: नारिंगी चमकणाऱ्या भागात सहसा मँगनीज घुसलेलं असतं, तो भाग टाळा. खडूसारखे सच्छिद्र थरही सोडा, घट्ट पापुद्र्यांतूनच नमुना घ्या. ड्रिल मंद गतीने चालवा. घर्षणाच्या उष्णतेने ॲरागोनाइटचं कॅल्साइट होतं.

करळातली तिसरी काही हजार वर्षांपूर्वीची असणार, तिला कार्बन-१४ (किरणोत्सारी कार्बन किती उरलाय त्यावरून वय काढायची पद्धत) लावा. बाहेरचा थर सौम्य आम्लाने काढून टाका. समुद्राच्या पाण्यातला कार्बन आधीच जुना असतो, म्हणून कच्चं वय साधारण ४०० वर्षांनी जास्त येतं. सागरी वक्र (समुद्री नमुन्यांचं कच्चं वय खऱ्या वयात बदलणारा आलेख) आणि त्या किनाऱ्यापुरती स्थानिक दुरुस्ती वापरल्याशिवाय आकडा सांगू नका. शिवाय हे वय तिसरी मेली तेव्हाचं. दगड त्यानंतर जमला.

कच्छच्या कालवाला कार्बन-१४ निरुपयोगी, कारण ती पद्धत ५०,००० वर्षांच्या आसपास संपते. तिथे स्ट्रॉन्शियम ८७/८६ हे गुणोत्तर (या धातूच्या दोन समस्थानिकांचं, म्हणजे वेगळ्या वजनाच्या अणूंचं प्रमाण) कामाला येतं. स्ट्रॉन्शियम समुद्रात लाखो वर्षं टिकतं आणि पाणी हजार-दीड हजार वर्षांत ढवळून निघतं, म्हणून एका काळात खुल्या समुद्रात सगळीकडे एकच आकडा असतो. आज तो ०.७०९१७ च्या आसपास आहे, २.३ कोटी वर्षांपूर्वी साधारण ०.७०८३ होता, १.६ कोटी वर्षांपूर्वी ०.७०८७. चढ इतका सरळ आहे की चांगल्या कवचाचं वय काही लाख वर्षांच्या फरकात बसतं. त्यामुळे मायोसीनचा पूर्वार्ध या पद्धतीसाठी फार सोयीचा! भुकटी सौम्य ॲसिटिक आम्लातच विरघळवा. तीव्र आम्ल चिकणमातीतलं स्ट्रॉन्शियमही ओढून आणतं, गुणोत्तर बहुधा वाढतं आणि कवच खोटंच तरुण ठरतं. उलट, कालवं खाडीच्या मुखाशी वाढतात. बेसाल्टवरून आलेलं गोडं पाणी फार मिसळलं असेल तर गुणोत्तर घटून वय जास्त येऊ शकतं. म्हणून एकाच थरातली तीन-चार कवचं मोजा. आकडे जुळले नाहीत तर सरासरी काढू नका, कारण शोधा.

तापमानासाठी ऑक्सिजन-१८, म्हणजे कवचातल्या जड ऑक्सिजनचं प्रमाण; पाणी गरम तसं ते कमी. वाढीच्या रेषांना आडवे, ओळीने नमुने घ्या; प्रत्येकी ५० ते १०० मायक्रोग्रॅम पुरतात. या प्रमाणात हजारात एकाचा फरक म्हणजे साधारण ४ ते ४.५ अंश सेल्सियस, पण तेव्हाच्या पाण्यातलं ऑक्सिजन-१८ चं प्रमाण माहीत असेल तरच. मुंबईच्या खाडीत पावसाळ्याचं गोडं पाणी हे प्रमाण घटवतं आणि समुद्र गरम होता असं भासतं. क्लम्प्ड आयसोटोप पद्धतीला (जड कार्बन आणि जड ऑक्सिजन एकमेकांना किती जोडलेत ते मोजणाऱ्या) पाण्यातलं प्रमाण लागत नाही, मात्र तिला काही मिलिग्रॅम भुकटी लागते, आणि कवच खोल गाडलं जाऊन तापलं असेल तर तिथेही मूळ तापमान पुसलेलं असतं.