शिया बटर पिवळंधमक आलंय, डुप्लिकेट तर नाही?

प्रश्न: ताई, मी ऑनलाइन 'रॉ' (म्हणजे रिफाइन न केलेलं) शिया बटर मागवलं, एकदम हळदीसारखं पिवळं आलं, त्यात मे महिन्यात वितळलं आणि परत गोठल्यावर रव्यासारखे कण झालेत. फसले का मी? – एक वाचक, ठाणे

उत्तर: अगं, कणांचं सोड, तूप नाही का रवाळ होत, तसंच हे हळूहळू गार झालं की कण धरतं, हातावर चोळलंस की विरघळतात.

रंगाचं मात्र बघायला हवं. पश्चिम आफ्रिकेत घाना, बुर्किना फासोकडच्या बायका शियाच्या झाडाच्या बिया उकडून, वाळवून, भाजून, दळून मग पाण्यात हाताने घोटघोटून जे लोणी काढतात (काय ती मेहनत!) ते साधारण सायीच्या रंगाचं, फिकट पिवळट नाहीतर जरा राखाडी असतं. पिवळंधमक असेल तर बऱ्याचदा बोरुटुटू नावाच्या मुळाचा रंग किंवा पाम तेल घातलेलं असतं, म्हणजे लगेच नकली नाही पण 'पिवळं तेच ओरिजिनल' हे काही खरं नाही.

मी तर नाकावर जास्त भरवसा ठेवते, रॉ असेल तर भाजलेल्या दाण्यांसारखा किंचित धुरकट वास येतो, सगळ्यांना आवडतो असं नाही. पांढरंशुभ्र आणि बिनवासाचं म्हणजे रिफाइन्ड, तेही शियाच, फक्त रॉच्या भावाने घेऊ नकोस. परफ्यूमचा वास आला तर सरळ रिटर्न कर, आणि जुन्या खोबऱ्यासारखा खवट आला तरीपण.