अमेरिकन गायक बॉबी मॅकफेरिनच्या ‘द व्हॉइस’ अल्बममध्ये खरंच एकही वाद्य नाही का?

खरंच नाही: १९८४ च्या या अल्बममध्ये सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकट्या मॅकफेरिनचा आवाज आहे, तोही एकावर एक ट्रॅक न चढवता. त्या वर्षी मार्चमध्ये जर्मनीत झालेल्या त्याच्या एकल मैफलींचं हे ध्वनिमुद्रण आहे. मग बास आणि ताल कुठून येतात? तो खालच्या पट्टीतला बासचा एक सूर लावतो, क्षणात खोट्या आवाजात (फॉल्सेटो, म्हणजे नेहमीच्या पट्टीपेक्षा वरचा पातळ आवाज) वर जाऊन चाल गातो आणि पुन्हा खाली येतो. या उड्या इतक्या झटपट असतात की सुटलेला सूर आपला कानच भरून काढतो. ठेक्यासाठी छातीवर हाताची थाप, आणि श्वास आत घेतानाही आवाज. पहिलंच गाणं ‘ब्लॅकबर्ड’ हेडफोन लावून ऐका, सगळं स्पष्ट कळतं. काय विलक्षण दमसास आहे या माणसाचा!

फक्त त्याच्याच ‘डोन्ट वरी, बी हॅपी’ या गाण्याशी याची गल्लत करू नका. ते १९८८ च्या ‘सिंपल प्लेझर्स’ अल्बममधलं. तिथेही वाद्य नाही, पण त्याच्याच आवाजाचे अनेक थर स्टुडिओत एकमेकांवर चढवलेले आहेत.