साधं मशीन घ्यायचं की बोर्डवालं?

प्रश्न : नमस्कार सर, आमचं सेमी ऑटोमॅटिक वॉशिंग मशीन बरंच जुनं आहे. हल्ली वॉशचं बटण फिरवलं की नुसता हूंऽऽ आवाज येतो, आतली चकती फिरतच नाही. मुलगा पुण्याला असतो, तो म्हणतो आई आता फ्रंट लोड घेऊन टाक, मोबाईलवरून चालतं. पण शेजारच्या काकूंचं फुल्ली ऑटोमॅटिक तिसऱ्याच वर्षी बंद पडलं, कार्ड गेलंय म्हणाले आणि जवळपास निम्म्या मशीनची किंमत सांगितली. आमच्याकडे नळाला रोज पाणी नाही आणि व्होल्टेजही कमीजास्त होतं. काय घ्यावं? (एक वाचक, बार्शी)

उत्तर : ताई, आधी जुन्याचंच बघू, कारण तुम्ही लिहिलंय त्यावरनं ते काही भंगारात द्यायच्या अवस्थेत वाटत नाही. हूं आवाज येतोय म्हणजे मोटरपर्यंत करंट पोचतोय. प्लग काढा आणि तळाची चकती हाताने फिरवून बघा. सहज फिरली तर बहुतेक कंडेन्सर, म्हणजे मोटरला सुरुवातीचा जोर देणारा छोटा पार्ट, गेलाय, आणि घट्ट लागली तर तिच्याखाली नाणं, पिन नाहीतर एखादा मोजा अडकलेला असणार. कंडेन्सर स्वस्तातला पार्ट आहे आणि कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो, फक्त तो स्वतः बदलायला जाऊ नका, प्लग काढल्यावरही त्यात चार्ज राहतो, मेकॅनिकलाच बोलवा.

या मशीनमध्ये आहे तरी काय, तर दोन मोटर, त्यांचे कंडेन्सर, एक बेल्ट, स्पिनरचा ब्रेक, झाकणाचा स्विच आणि दोन टायमर. टायमर म्हणजे जुन्या गजराच्या घड्याळासारखी चावी, आपण बटण फिरवतो तेव्हा आतली स्प्रिंग आवळली जाते आणि ती सुटता सुटता दातेरी चाकं फिरतात, ती पत्र्याच्या पट्ट्या दाबून मोटर कधी उजवीकडे कधी डावीकडे फिरवतात, म्हणूनच मध्येच लाईट गेली तरी टायमरची टिकटिक चालूच राहते. यातलं काहीही बिघडलं तर ते डोळ्याला दिसतं नाहीतर कानाला कळतं आणि गावातला कुठलाही चांगला मेकॅनिक तेवढाच पार्ट बदलून देतो.

फुल्ली ऑटोमॅटिकमध्ये हे सगळं ठरवतं ते बोर्ड, म्हणजे लोक ज्याला कार्ड किंवा पीसीबी म्हणतात ते. पाणी किती भरलं हे सेन्सर सांगतो, मग बोर्ड पाण्याचा व्हॉल्व्ह बंद करतं, मोटर फिरवतं, ड्रेन उघडतं. ओल लागू नये म्हणून कितीतरी बोर्डांवर डिंकासारखा जाड थर ओतलेला असतो, तो ओलीपासून वाचवतो हे खरं, पण त्याच थरामुळे आतला एखादा छोटा रिले किंवा ट्रायॅक (मोटर-व्हॉल्व्ह चालू-बंद करणारे स्विचसारखे पार्ट) गेला तरी मेकॅनिकला तिथपर्यंत पोचणं अवघड जातं आणि मग अख्खं बोर्ड बदला असं सांगितलं जातं. मला राग येतो तो याचाच. बोर्ड असण्याबद्दल तक्रार नाही माझी, ते उघडता येऊ नये असं बनवायचं आणि वर त्याची किंमत अशी ठेवायची की माणसाने नवीनच मशीन घ्यावं, हे चुकीचं आहे.

पण काकूंना सांगा, लगेच बोर्ड बदलू नका. पाणी ठरलेल्या वेळात भरलं नाही तरी मशीन एरर दाखवून थांबतं आणि त्याचं कारण बऱ्याचदा नळीच्या तोंडाची बारीक जाळी असते, टाकीतली रेती आणि बोअरच्या पाण्याचा क्षार तिच्यात बसतो. जाळी काढून जुन्या टूथब्रशने घासा. स्क्रीनवर काहीच येत नसेल तर मात्र बोर्डाचा सप्लाय उडाला असू शकतो, अशा वेळी बोर्ड दुरुस्त करणाऱ्याला एकदा दाखवाच. सुटे पार्ट पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत नाहीतर मुंबईला लॅमिंग्टन रोडवर मिळतात.

व्होल्टेजचं म्हणाल तर थ्री फेज लाईनचा न्यूट्रल, म्हणजे करंटची परतीची तार, कुठे तुटला तर घरात 230 च्या जागी 400 च्या आसपास व्होल्टेज येऊ शकतं आणि बोर्डातल्या नाजूक पार्टला तेवढा एक झटका पुरतो.

तुमच्यासाठी माझं स्पष्ट मत, जुनं दुरुस्त करा आणि नवीन घ्यायचंच झालं तर परत सेमीच घ्या. बादलीने पाणी ओतता येतं, एका साबणाच्या पाण्यात दोन खेपा निघतात, रोज पाणी नसलेल्या गावात हे फार मोठं आहे. मुलाचंही चूक नाही, फ्रंट लोडला पाणी कमी लागतं, कपडेही छान निघतात, पुण्यात जवळ सर्व्हिस सेंटर असेल तर त्याने स्वतःसाठी जरूर घ्यावं. फक्त घेताना दुकानात विचारायचं की बोर्ड सुटं मिळतं का, आज त्याची किंमत काय आणि त्यावर वॉरंटी किती. ‘10 वर्षं वॉरंटी’चा स्टिकर बहुतेक वेळा फक्त मोटरचा असतो, बोर्डाचा नाही.

प्रश्न : पंख्यांचं पण असंच आहे का? बीएलडीसी घ्यावा की साधा? (एक वाचक, फोंडा, गोवा)

उत्तर : बीएलडीसी म्हणजे आत बोर्डावर चालणारी मोटर असलेला पंखा, आणि इथे मी बोर्डाच्या बाजूने आहे. साधा पंखा साधारण 75 वॅट खातो, बीएलडीसी 30 च्या आसपास, म्हणजे रोज 12 तास चालला तर वर्षाला एका पंख्यामागे 200 च्या आसपास युनिट वाचतात. साध्याचा कंडेन्सर वायरमन पाच मिनिटांत बदलतो हे खरंय, पण आता बीएलडीसीचीही बोर्डं सुटी मिळायला लागलीत. हॉल आणि बेडरूमला बीएलडीसी लावा, क्वचित वापरातल्या खोलीत साधा आहे तो राहू दे. आणि बीएलडीसी जुन्या रेग्युलेटरवर चालवू नका, वायरमनला सांगून तो काढून टाका.

प्रश्न : आमच्या मशीनचा पार्ट आता येतच नाही असं सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात. दाद कुठे मागायची? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : तोंडी उत्तर घेऊन परत येऊ नका, पार्ट मिळत नाही हे मॉडेल नंबरसकट लेखी मागा, निदान ईमेलवर तरी. मग 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार नोंदवा. केंद्राच्या ग्राहक खात्याने 24 डिसेंबर 2022 ला राइट टू रिपेअरचं, म्हणजे दुरुस्तीच्या हक्काचं, पोर्टलही सुरू केलंय, तिथे तुमची कंपनी असेल तर सुटे पार्ट आणि वॉरंटीची माहिती बघा. युरोपियन युनियनमध्ये मार्च 2021 पासून नियम आहे की वॉशिंग मशीनचं मॉडेल विकणं बंद झाल्यावरही 10 वर्षं पार्ट पुरवायचे आणि त्यात बोर्डही येतं. आपल्याकडेही इतकाच स्पष्ट नियम हवा, म्हणून तक्रार कराच, आणि तोवर मशीन भंगारात देऊ नका, त्याच मॉडेलचं दुसरं बंद मशीन एखाद्या जुन्या मेकॅनिककडे पडलेलं असतं, त्यातनं पार्ट निघू शकतो.