ठाणे किल्ल्याच्या कागदांपासून सुरुवात करा

जुन्या कागदांवरून किल्ल्याचा इतिहास शोधायचा आहे आणि ठाण्यात राहता, तर पहिला किल्ला ठाण्याचाच घ्या. आज तिथे मध्यवर्ती कारागृह आहे, आत सहज जाता येत नाही. म्हणून काय झालं? या किल्ल्याचे कागद भरपूर आहेत. बांधकाम पोर्तुगिजांचं, 1737 मध्ये तो मराठ्यांकडे आला, 1774 च्या अखेरीस इंग्रजांनी घेतला. म्हणजे तीन सत्तांची दफ्तरं: पणजी आणि लिस्बन, पुण्यातलं पेशवे दफ्तर, मुंबईचं राज्य पुराभिलेखागार. सुरुवातीला 1882 चं ठाणे जिल्ह्याचं गॅझेटियर (इंग्रज सरकारचा जिल्ह्याविषयीचा माहितीग्रंथ) वाचा, पण त्यावर थांबू नका.

मोडी, म्हणजे जुन्या मराठी कागदांची लिपी, शिकाच. त्याला पर्याय नाही.

सगळ्यात जास्त गोंधळ तारखांचा होतो. मराठी पत्रात सुहूर सन (अरबी अंकनावांची जुनी वर्षगणना) अक्षरांत असतो: ‘सबा सलासीन मया व अलफ’ म्हणजे 1137. हे वर्ष मृगाला, म्हणजे सूर्य मृग नक्षत्रात जातो तेव्हा, सुरू होतं. त्यामुळे इसवी सन काढायला जूनपासून डिसेंबरपर्यंत 599 आणि पुढे मृगापर्यंत 600 मिळवायचे. इंग्रजांची तारीख 1752 पर्यंत जुन्या (ज्युलियन) पंचांगाची, म्हणजे त्या काळात पोर्तुगीज तारखेपेक्षा 11 दिवस मागे. शिवाय त्यांचं वर्ष 25 मार्चला बदलायचं, आणि ठाण्याची मोहीम नेमकी मार्चमधली! एकाच लढाईच्या दोन नोंदी पाहून ‘दोन हल्ले झाले’ असं लिहिण्याआधी हा हिशेब करा.

प्रत्येक कागदाचा रुमाल (दफ्तरातलं कागदांचं कापडी गाठोडं) आणि क्रमांक त्याच वेळी टिपून ठेवा. घोडबंदर, बेलापूर हे किल्ले नंतर घ्या. तोवर मोडीवर हात बसलेला असेल.