हुबेहूब काढलेलं चित्र आणि अडकलेले ४० हजार

प्रश्न : मी नागपुरात चित्रकलेचे वर्ग घेते. इथल्या एका अभ्यासिकेच्या मालकांनी डच चित्रकार व्हर्मीर यांच्या ‘भूगोलज्ञ’ या चित्राची तैलरंगातली हुबेहूब प्रतिकृती माझ्याकडून करून घेतली, मुळापेक्षा मोठी, तीन फूट उंच. व्हॉट्सॲपवर ६० हजार ठरले, २० हजार आगाऊ मिळाले. चित्र भिंतीवर लागून सात महिने झाले. बाकी पैसे मागितले तर म्हणतात, “नक्कल म्हणजे कॉपीराइटचा भंग, असा व्यवहार कायद्यात टिकत नाही. तुम्ही तर मूळ चित्रकाराची सहीही उतरवली, पोलिसांत जाऊ का?” मी घाबरले आहे. चित्र उतरवून परत आणू का?

उत्तर : ताई, चित्राला हात लावू नका. ते तुम्ही स्वतः नेऊन दिलं, ताबा त्यांचा झाला. न विचारता उतरवलंत तर आज पोकळ असलेल्या पोलिसांच्या धमकीला तुम्हीच बळ द्याल. तुमचा हक्क पैशांवर आहे आणि तो भक्कम आहे.

कॉपीराइटचा मुद्दा टिकणारा नाही. १९५७च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम २२ चित्रकाराच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं संरक्षण देतं. व्हर्मीर वारले १६७५ साली. मूळ चित्र फ्रँकफुर्टच्या श्टेडेल संग्रहालयात आहे, पण कॅनव्हास कोणाच्या मालकीचा आणि नक्कल करण्याचा हक्क कोणाचा, हे वेगवेगळे प्रश्न आहेत. तेव्हा करार कायद्याच्या कलम २३ खाली हा व्यवहार बेकायदा ठरत नाही. पुढच्या कामांसाठी मात्र लक्षात ठेवा : राजा रविवर्मा (मृत्यू १९०६) मोकळे आहेत, हुसेन (मृत्यू २०११) नाहीत.

आता सही. तुम्हाला सगळ्यात जास्त याचीच धास्ती वाटते, हे पत्रावरून कळलं. १६६९च्या या चित्रात मेजावर नकाशा पसरून, हातात कर्कटक धरून विद्वान उभा आहे, आणि त्याच्या मागच्या भिंतीवर वरच्या बाजूला व्हर्मीर यांचं नाव आणि साल रोमन आकड्यांत आहे. हुबेहूब म्हटल्यावर तुम्ही तेही उतरवलंत. भारतीय न्याय संहितेत बनावट दस्तऐवज ठरायला अप्रामाणिक किंवा फसवणुकीचा हेतू लागतो. इथे फसलं कोण? प्रतिकृती हवी असं त्यांनीच लिहिलं, आकार वेगळा ठरवला, ६० हजारांत घेतली. तरीही ही सवय सोडा, असं कळकळीनं सांगते. पॅरिसच्या लूव्ह्र संग्रहालयात नक्कल करणाऱ्या चित्रकारांना मूळ आकारात चित्र काढू देत नाहीत आणि मूळ सहीही उतरवू देत नाहीत. उद्या तुमचं चित्र चौथ्या हातात गेलं आणि कोणी ते अस्सल म्हणून खपवलं, तर चौकशी तुमच्या दारापर्यंत येईल. म्हणून कॅनव्हासच्या मागे ‘प्रतिकृती’, तुमचं नाव आणि साल पक्क्या रंगात लिहीत जा. या चित्राबद्दल, ते प्रतिकृती आहे हे पैशांसाठी पाठवायच्या नोटिशीत लिहून मोकळ्या व्हा.

तुमच्या चित्राचा फोटो त्यांनी माहितीपत्रकावर छापल्याचंही तुम्ही कळवलं आहे. त्यावर वेगळा दावा लावू नये, असं माझं मत आहे. हुबेहूब नकलेत स्वतःचा कॉपीराइट सिद्ध करणं कठीण, आणि मोबदला देऊन सांगून काढून घेतलेल्या चित्राचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, कलम १७नुसार काढून घेणाराच असतो. पण ते पत्रक जपून ठेवा. सात महिने चित्र लावलं, त्यावर जाहिरात केली, तक्रार एकदाही नाही, म्हणजे त्यांनी काम स्वीकारलं, हे त्यातून दिसतं. आणि व्यवहारच अवैध म्हणायचा असेल, तर फुकट न केलेल्या कामाचा लाभ घेणाऱ्यानं भरपाई द्यावी, असं करार कायद्याचं कलम ७० सांगतं.

लेखी करारपत्र नाही म्हणून खचू नका. व्हॉट्सॲपवरचं बोलणंही करारच आहे. संदेश पुसू नका, फोन बदलू नका. हा पुरावा कोर्टात देताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३चं प्रमाणपत्र जोडावं लागतं, ते वकील तयार करून देतील.

आधी नोटीस पाठवा : ठरलेली रक्कम, मिळालेली रक्कम, चित्र दिल्याची तारीख आणि १५ दिवसांची मुदत. राग, टोमणे काही नको. दाव्यासाठी काम पूर्ण झाल्यापासून तीन वर्षं आहेत, पण इतकं थांबू नका. वकिलाच्या फीची चिंता असेल तर सिव्हिल लाइन्सला जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात जा. १९८७च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानं महिलांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. दाव्याआधीच प्रकरण लोकअदालतीत ठेवा, असा अर्जही तिथेच द्या. तिथल्या तडजोडीला दिवाणी हुकूमनाम्याचं बळ असतं. समोरच्या माणसाची अभ्यासिका विद्यार्थ्यांच्या विश्वासावर चालते, त्यामुळे कोर्टाच्या पायरीआधीच तो पैसे देईल, अशी मला बरीच आशा आहे. हप्ते मागितले तर द्या, पण दोनपेक्षा जास्त नको आणि तारखांसह लिहून घ्या.