कॉलेजला दोन लाख डॉलर द्यायचेत, पण कोणत्या खात्यातून?

प्रश्न: मी ७४ वर्षांचा, पत्नी ७० वर्षांची. दोघंही अमेरिकन नागरिक, राहायला न्यू जर्सीत. सांगलीहून इंजिनिअर होऊन इकडे आलो आणि इंडियाना विद्यापीठात असिस्टंटशिपवर एमबीए केलं. त्या कॉलेजला आता केली स्कूल म्हणतात. ती असिस्टंटशिप मिळाली नसती तर पुढचं काहीच झालं नसतं. म्हणून माझ्या पश्चात कॉलेजला २ लाख डॉलर मिळावेत असं मृत्युपत्रात लिहिलं आहे. आयआरएमध्ये, म्हणजे निवृत्तीच्या बचत खात्यात, ६ लाख डॉलर आहेत. ब्रोकरेज खात्यात ४ लाखांचे शेअर आहेत, ते ९० हजारांना घेतले होते. घराचं कर्ज फिटलं आहे. मुलगा आणि मुलगी दोघंही चांगले कमावतात. एक मित्र म्हणतो, आत्ताच गिफ्ट ॲन्युइटी कर, म्हणजे रक्कम आत्ता कॉलेजला दे आणि बदल्यात आयुष्यभर हप्ता घे. पत्नीला आमच्या म्हातारपणाची काळजी वाटते. काय करू?

उत्तर: देणगी जरूर द्या. रक्कमही तुम्हाला झेपणारी आहे. मात्र मृत्युपत्रातली ती ओळ काढून टाका.

मृत्युपत्राचा अंमल आयआरएवर चालत नाही. ते पैसे खात्याच्या बेनिफिशियरी फॉर्मवर ज्याचं नाव आहे त्याला थेट मिळतात. त्यामुळे तुमच्या मृत्युपत्रातले २ लाख शेअर किंवा घर विकून द्यावे लागतील आणि आयआरए मुलांच्या वाट्याला जाईल. करांचा विचार केला तर ही वाटणी नेमकी उलटी आहे.

आयआरएतल्या पैशावर अजून कर भरलेला नाही. मुलांना ते खातं मिळालं की दहा वर्षांत रिकामं करावं लागेल. वयामुळे आयआरएतून दरवर्षी सक्तीने काढाव्या लागणाऱ्या तुमच्या रकमा सुरू झालेल्या असल्याने त्यांना मधल्या वर्षांतही काही ना काही काढावं लागेल आणि काढलेला प्रत्येक डॉलर त्यांच्या पगारावर चढेल. दोघं आयकराच्या ३२ टक्क्यांच्या टप्प्यात आहेत असं धरू. मग आयआरएतल्या २ लाखांपैकी त्यांच्या हाती १ लाख ३६ हजार पडतील, आणि त्यातूनही राज्याचा कर जाऊ शकतो. शेअरचं तसं नाही. वारसांसाठी त्यांची खरेदी किंमत तुमच्या मृत्यूच्या दिवशीच्या भावाइतकी धरली जाते. ९० हजारांचे ४ लाख झाले, त्या नफ्यावरचा कर तिथेच संपतो. कॉलेजला मात्र कुठूनही द्या, त्याला कर नाही. म्हणजे आयआरएतून दिलं तर कॉलेजला पूर्ण २ लाख मिळतात आणि मुलांचं नुकसान सुमारे १ लाख ३६ हजारांचंच होतं. शेअरमधून दिलं तर तेच नुकसान पूर्ण २ लाखांचं.

म्हणून आयआरएचे दोन भाग करा. २ लाख वेगळ्या आयआरएत हलवा. हे ट्रस्टीकडून ट्रस्टीकडे थेट हस्तांतर असावं, चेक स्वतःच्या नावाने घेऊ नका. दोन्ही खात्यांवर पहिली वारस पत्नीच राहू द्या. नव्या खात्यावर तिच्यानंतरचं नाव इंडियाना युनिव्हर्सिटी फाउंडेशनचं लिहा, कारण विद्यापीठाच्या देणग्या ते स्वीकारतं. फॉर्मवर नुसतं ‘केली स्कूल’ लिहून भागणार नाही. फाउंडेशनचं कायदेशीर नाव आणि कर क्रमांक त्यांच्याकडून लेखी मागवा. देणगी शिष्यवृत्तीसाठी असेल तर ती कोणासाठी, हेही त्यांच्याशी लेखी ठरवा आणि पुढे ती अट पाळणं अशक्य झालं तर उद्देश बदलण्याची मुभा ठेवा.

यातला एक धोका आधीच सांगतो. तुम्ही आधी गेलात तर ते खातं पत्नीचं होईल आणि कॉलेजचं नाव ठेवायचं की नाही हे त्या ठरवतील. माझ्या मते तसंच असायला हवं. न्यू जर्सीत नर्सिंग होमचा वर्षाचा खर्च एक लाख डॉलरच्या वर जातो. तुमच्यामागे त्यांना दहा-पंधरा वर्षं काढायची असू शकतात. त्यांची काळजी अगदी रास्त आहे. त्यामुळे हा फॉर्म दोघांनी एकत्र बसून भरा.

गिफ्ट ॲन्युइटीला मी नाही म्हणेन, तेही याच कारणाने. एकदा दिलेली रक्कम परत मिळत नाही. बदल्यात आयुष्यभर ठरलेलं उत्पन्न मिळतं. अमेरिकन कौन्सिल ऑन गिफ्ट ॲन्युइटीजने जानेवारी २०२४ पासून सुचवलेला दर ७५ वर्षांच्या एका व्यक्तीसाठी ७ टक्के आहे, दोघांसाठी तो कमी होतो. शिवाय महागाई वाढली तरी हप्ता तोच राहतो. जिची गरज नाही ती रक्कम तिथे गुंतवायला हरकत नाही, पण तुमचे २ लाख तसे नाहीत. बेनिफिशियरी फॉर्म मात्र तुम्ही कधीही बदलू शकता.

हयातीत काही द्यायची इच्छा असेल, आणि ती असावी, तर त्यालाही आयआरएच वापरा. या वर्षी तुम्हाला गेल्या ३१ डिसेंबरची शिल्लक भागिले २५.५ इतकी रक्कम काढावीच लागेल. ६ लाखांवर ती साधारण साडेतेवीस हजार होते. त्यातले पाच हजार थेट फाउंडेशनच्या नावे पाठवायला तुमची आयआरए सांभाळणाऱ्या कंपनीला सांगा. याला क्यूसीडी (आयआरएतून थेट दिलेली पात्र देणगी) म्हणतात. साडेसत्तर वर्षं पूर्ण झालेल्यांना ही सोय आहे, २०२५ साठी तिची मर्यादा १ लाख ८ हजार डॉलर होती. ही रक्कम तुमच्या उत्पन्नात धरलीच जात नाही, त्यामुळे मेडिकेअरचा, म्हणजे ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्य विम्याचा, प्रीमियमही त्यापायी चढत नाही. बदल्यात जेवणाचं किंवा सामन्याचं तिकीट घेऊ नका, सवलत जाईल. आणि तुमचं रिटर्न भरणाऱ्या सीपीएला (अकाउंटंटला) आठवणीने सांगा, नाहीतर रिटर्नमध्ये ती करपात्र म्हणून धरली जाण्याची शक्यता असते. आज तिथे शिकणाऱ्या एखाद्या मुलाला तुमच्या पैशाने मदत झालेली तुम्ही स्वतः पाहावी, असं मला मनापासून वाटतं. पश्चात दिलेल्या देणगीत ते सुख नाही.

मुलांना हे आत्ताच सांगा. फॉर्मवरचं नाव नंतर कळलं की गैरसमज होतात. आकडे समोर ठेवलेत तर त्यांच्या वाट्याचं नुकसान कमीत कमी केलं आहे, हे त्यांना दिसेल.

सांगलीच्या कॉलेजबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण पुढे मनात आलंच तर लक्षात असू द्या. क्यूसीडी थेट भारतातल्या संस्थेला देता येत नाही. शिवाय तुम्ही अमेरिकन नागरिक असल्यामुळे तुमचा पैसा भारतात विदेशी देणगी ठरतो, जन्म सांगलीचा असला आणि ओसीआय (परदेशस्थ भारतीय) कार्ड असलं तरी. घेणाऱ्या संस्थेकडे एफसीआरए या विदेशी देणग्यांच्या कायद्याखालची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते, आणि पैसे दिल्लीच्या स्टेट बँकेतल्या तिच्या ठरलेल्या खात्यातच जमा व्हावे लागतात. रक्कम पाठवण्याआधी कॉलेजकडून नोंदणीची प्रत मागवा.